पवनचक्कीचे हमीपत्र

आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक पवनचक्की आहे. विचुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून मान वर केली, तर सातव्या मजल्याच्याही वर, पाण्याच्या टाकीशेजारी तिचा खांब आणि तीन पाती दिसतात. ती तिथे आहे याला कारण मी आहे. जेव्हा तिची खरी गरज पडते नेमकी तेव्हा ती काम करीत नाही, यालाही कारण मीच आहे. यातली पहिली गोष्ट मी अनेक कार्यालयांना लेखी कळवली आहे. दुसरी आज प्रथमच लिहीत आहे.

न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी सारी नोकरी झाली. दुसऱ्यांचे निकाल उतरवून घेता घेता मला एक सवय जडली: चुकीचे काही दिसले की त्याला विषय, संदर्भ आणि दिनांक लावून ते कागदावर आणायचे. निवृत्तीनंतर या सवयीला मोकळे रान मिळाले. उघड्या चेंबरबद्दल, शाळेच्या दारात कुंपणाविना उभ्या असलेल्या विजेच्या रोहित्राबद्दल, पदपथावर वाळूचे ढीग रचणाऱ्या बिल्डरबद्दल मी पत्रे लिहिली. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असे, प्रत्येकाची पोच फाइलला लागलेली असे. उत्तर आले नाही तर पंधराव्या दिवशी स्मरणपत्र जाई. पत्नी म्हणत असे, "तुम्ही चिडलात की आधी पंचिंग मशीनचा आवाज येतो."

तिच्या फुप्फुसांचा आजार निघाला तेव्हा मी प्रथम डॉक्टरांना तीन पानी पत्र लिहिले. त्यांनी मला समोर बसवून सांगितले की फुप्फुसे हळूहळू कडक होत जातील, ते थांबवता येत नाही, आणि घरी ऑक्सिजनचे मशीन ठेवावे लागेल. त्या पत्राचे उत्तर मी कधी मागितले नाही.

ते मशीन प्रवासाच्या लहान बॅगेएवढे आहे. खोलीतलीच हवा ते ओढते, तिच्यातला नायट्रोजन वेगळा करते आणि उरलेला प्राणवायू नळीवाटे नाकाशी आणून पोहोचवते. दिवसरात्र त्याची घरघर चालू असते, आणि घरघर बंद पडली की दोघांचेही डोळे एकाच वेळी त्याच्याकडे वळतात. वीज गेली तर घरातला इन्व्हर्टर ते दोन तास ओढतो. त्यानंतर सिलिंडर. एक लावलेला, एक राखीव. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती दोन तासांची मर्यादा पाहून जात नाही. वीज कंपनीला मी पत्रे लिहिली. प्रत्येक पत्राला उत्तर आले, सभ्य भाषेत आले, आणि प्रत्येकात तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगिरी होती. त्या उत्तरांत बोट ठेवावे असे काही सापडत नसे, आणि माझा संताप त्यामुळेच वाढत असे.

अशाच एका दुपारी वीज गेलेली होती. गॅलरीतल्या दोरीवरच्या चादरी वाऱ्याने इतक्या उडत होत्या की मी त्या काढायला गेलो आणि एक हातातून निसटून खालच्या जांभळीवर जाऊन बसली. एवढा वारा वाहतो आहे आणि आपण विजेसाठी मशीनकडे टक लावून बसलो आहोत, हा विचार तेव्हा आला. पत्नी धडधाकट असताना आम्ही साताऱ्याच्या बाजूला पठारावर गेलो होतो. तिथल्या पवनचक्क्यांच्या रांगेकडे बघत ती म्हणाली होती, "किती निवांत फिरतात. यांना कुणी घाई करत नाही वाटतं." ते वाक्य मला आठवले, आणि दुसऱ्या दिवशीपासून मी वाचायला बसलो.

माझी समजूत होती की वारा पात्याला ढकलतो आणि पाते फिरते. तसे नाही. पात्याचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. वारा त्याच्या एका अंगाने अधिक वेगाने सरकतो, तिथला दाब कमी होतो, आणि पाते त्या अंगाकडे ओढले जाते. पात्यांबरोबर दांडा फिरतो, दांड्याबरोबर लोहचुंबक, आणि चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांजवळून फिरला की तारेत वीज उभी राहते. पठारावरच्या मोठ्या चक्क्यांची पाती संथ फिरतात, म्हणून बहुतेकींच्या पोटात वेग वाढवणारी दातेरी चाके असतात. लहान चक्कीला ती लागत नाहीत. तिला मागे एक शेपूट असते, ते तिचे तोंड वाऱ्याकडे वळवून धरते. वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेताच येत नाही. ती घेतली तर पात्यामागची हवा जागीच थांबेल आणि पुढच्या वाऱ्याला जायला वाट उरणार नाही. शिवाय वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर मिळणारी शक्ती निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. हे वाक्य मी तांबड्या शाईने अधोरेखित केले होते. अधोरेखित करणे आणि समजणे यांत किती अंतर असते ते मला न्यायालयात कळायला हवे होते.

चक्की बसवून देणारा एक इंजिनिअर जवळच्या आपटा गावात राहणारा निघाला. चाळिशीच्या आतला, कमी बोलणारा. गच्चीवर उभा राहून त्याने चारी दिशांना पाहिले. एका बाजूला कर्नाळ्याचा सुळका, आणि पश्चिमेला, जिथून पावसाळी वारा येतो तिथे, नव्या टॉवरचा चौथा मजला चढत होता.

"काका, सोलर का नाही लावत?"

"पावसाळ्यात ऊन तुम्ही आणून देणार का?"

"नाही, ते बरोबर आहे." तो हसला. "पण वाराही चांगला लागतो. बिल्डिंगांवर आपटून आलेला वारा म्हणजे सेलच्या गर्दीतून बाहेर पडलेला माणूस. येतो, पण दमून येतो."

त्याने लहान वाट्यांचे वेगमापक गच्चीवर बांधले आणि काही आठवडे नोंदी घेतल्या. नोंदी फार उत्साहजनक नव्हत्या. पण पावसाळ्यातल्या बऱ्या होत्या, आणि मला पावसाळाच हवा होता.

गव्हाणची एक कोळीण वर्षानुवर्षे आमच्याकडे मासळी घेऊन येते. पूर्वी पत्नी दारात बसून तिच्याशी अर्धा तास घासाघीस करी. आता ती पाटी बाहेर ठेवून, हात धुऊन, पलंगाशी येऊन टेकते. वेगमापकाची हकीकत ऐकून ती म्हणाली, "वारा हाय ना काका. पन तो हितं सरल चालत नाय. आमच्या खाडीवर कसा, आला की आला. तुमच्या बिल्डिंगींत शिरला का पत्ता चुकलेल्या पावन्यावानी गोल गोल फिरतो."

"मग काय करावं म्हणता?"

"अर्ज करा. सगल्यांना करताव, त्यालापन एक करा. सरल ये म्हनावं."

पत्नीला इतके हसू आले की खोकल्याची उबळ आली. उबळ शमल्यावर कोळणीने उठून तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि बोंबलांचा वाटा ताटात ठेवून ती निघून गेली.

सोसायटीच्या सभेत माझ्या अर्जावर हरकती आल्या. पक्षी मरतील, वीज कोसळेल, आवाज होईल. मी प्रत्येक हरकतीला परिच्छेदवार उत्तर दिले. काही हरकती पोकळ होत्या. आवाजाची नव्हती, पण उत्तर मी तिलाही त्याच जोरात दिले. शेवटी एकच मुद्दा कमिटीने लावून धरला: गच्चीवर बॅटऱ्यांचे कपाट नको, आगीची भीती. इंजिनिअर म्हणाला होता की चक्की दोन प्रकारे बसवता येते. एकात वीज बॅटरीत साठते. दुसऱ्यात ती सरळ वीज कंपनीच्या तारांना जोडली जाते. आपण वापरू ती वापरायची, उरलेली तारेत जाते, आणि मीटर दोन्ही बाजूंची नोंद ठेवतो. कमिटीची अट ऐकल्यावर मी दुसरा प्रकार मान्य केला. खरे सांगायचे तर मला तोच आवडला होता. त्यात परवाना होता, करारनामा होता, तपासणीचा दाखला होता. माझ्या घरची वीज सरकारदरबारी नोंदली जाणार होती.

"काका, ग्रिडला, म्हणजे कंपनीच्या तारेला जोडलेल्या चक्कीचं एक असतं," इंजिनिअर बोलू लागला होता.

"नियमात असेल ते सर्व करा," मी म्हणालो. "एकही कलम सोडू नका. उद्या कुणी बोट दाखवता कामा नये."

त्याने तसे वहीत टिपून घेतले. मला वाटले, माझे म्हणणे त्याला पटले.

अर्जासोबत एक हमीपत्र द्यायचे होते. छापील नमुन्यातले मराठी असे होते की न्यायालयात ते कुणी माझ्या हातात दिले असते तर मी टंकलेखकाला परत पाठवले असते. मी तो मजकूर नव्याने लिहिला. तिसऱ्या कलमाचे माझे वाक्य असे: "मुख्य वीजपुरवठा कोणत्याही कारणाने खंडित होताच सदर यंत्रणा तत्क्षणी व आपोआप विलग होईल, आणि पुरवठा पूर्ववत होऊन स्थिर झाल्याखेरीज ती पुन्हा जोडली जाणार नाही, अशी मी हमी देतो." कार्यालयातल्या बाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, "सर, इतकं स्वच्छ लिहिलेलं आमच्याकडे येत नाही." मी घरी येऊन हे पत्नीला सांगितले. तिने विचारले, "म्हणजे आता लाईट गेली तरी काळजी नाही ना?" मी म्हणालो, "नाही."

ती हमी लिहून दिली आणि काळजी नाही असे पत्नीला सांगितले, हे दोन्ही प्रसंग एकाच दिवशी घडले होते, ही गोष्ट हे लिहिताना मी टाळू शकत नाही.

चक्की उभी राहिली ती एप्रिलच्या अखेरीस. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच जाते, पुढचा जिना पत्नीला चढणे शक्य नव्हते. म्हणून संध्याकाळच्या खाडीच्या वाऱ्यावर फिरणारी पाती मी फोनवर चित्रित करून तिला दाखवली. तिने ते तीनदा पाहिले. धूर नाही, इंधन नाही, खाणीतून काही खणायचे नाही, कुणाकडे मागायचे नाही. मीटरवरचा आकडा हळूहळू सरकत होता, आणि फार वर्षांनी मी चार-पाच दिवस कुणालाही पत्र लिहिले नाही.

जुलैतल्या एका दुपारी वीज गेली. बाहेर वारा जोरात होता. मी पत्नीला म्हणालो, "आज आपल्या घरची वीज," आणि गच्चीवर गेलो. पाती जेमतेम हलत होती, कुणी धरून ठेवल्यासारखी. झाडे वाकत होती, पाण्याच्या टाकीचे झाकण थडथडत होते, आणि चक्की तेवढी शांत होती. खांबाखालच्या पेटीवर तांबडा दिवा लागला होता. मी इंजिनिअरला फोन केला.

"लाईट गेलीय ना तुमच्याकडे, काका? मग ती बंदच राहणार."

"बंद राहणार म्हणजे?"

"तारेत लाईट नसली की पेटी तिला तोडते. आणि वीज घ्यायला कुणी नसलं तर पाती सुसाट सुटतील, मोडतील, म्हणून ब्रेक लावते."

"तारेत देऊ नका. माझ्या घरात द्या."

"तसं करता येतं. त्याला बॅटरी लागते, वेगळा स्विच लागतो. ते आपण नाही घेतलं."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

तो म्हणाला, "काका, तुम्हीच लिहून दिलंत ना."

वीज पाऊण तासात आली. मी त्याच संध्याकाळी त्याला पत्र लिहिले. चार पाने, अकरा मुद्दे. फसवणूक हा शब्द दोनदा, हेतुपुरस्सर हा एकदा. आठवड्याने एक पाकीट आले. त्यात उत्तर नव्हते. माझ्या हमीपत्राची छायाप्रत होती, घडी घालून ठेवलेली. तिसऱ्या कलमाखाली त्याने रेघ ओढली असती, समासात काही खोचक लिहिले असते, तर मला भांडता आले असते. समास कोरा सोडून त्याने ती सोय ठेवली नाही.

त्यानंतर मी त्या नियमावर चिडण्याचा प्रयत्न केला. आमच्या गल्लीतला फ्यूज बदलायला वीज कंपनीचा एक वायरमन आला होता, पन्नाशीचा, उरणकडचा. मी त्याला माझी अडचण सांगितली.

"बरोबर हाय ते, बाबा," तो म्हणाला. "आमी खालून लाईन बंद करतो, मेली समजतो नि तारंला हात लावतो. आता तुमचा पंखा वरून चालू राहिला, तं ती तार जितीच ना? एका दुकानदाराचा जनरेटर असाच उलटा चालू राहिलेला. आमच्यातला एक गेला त्यात. मी खालीच होतो."

"तुम्ही तक्रार केलीत?"

"कुनाची?" त्याने पक्कड पिशवीत टाकली. "चांगला मानूस होता तो दुकानदार. म्हायती नव्हतं त्याला."

मी घरात आलो. नियम योग्य होता. वाक्य निर्दोष होते. कमिटीची आगीची भीतीही खोटी नव्हती. तरीही मी बॅटरीच्या कपाटासाठी नवा अर्ज केला, आणि तेव्हा सातव्या मजल्यावरच्या जोडप्याने उलट तक्रार दिली की चक्की फिरू लागली की त्यांच्या शयनगृहाची भिंत थरथरते. मी उत्तराचा मसुदा मनात तयार करूनच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला पलंगावर बसवून भिंतीला हात लावायला सांगितले. ती थरथरत होती. तळहाताला मुंग्या आल्यासारखे वाटत होते. मी पाणी पिऊन खाली आलो. अर्ज अजून प्रलंबित आहे. पश्चिमेचा टॉवर दरम्यान नवव्या मजल्यावर गेला, आणि आता पावसाळी वारासुद्धा आमच्या गच्चीवर कोळणीने सांगितला होता तसाच येतो.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरचे गुलमोहराचे झाड तारांवर पडले. नऊच्या सुमारास वीज गेली. अकराला इन्व्हर्टर संपला. पहिला सिलिंडर आधीच अर्धा होता. दुपारी मी दुसरा लावला आणि पुरवठादाराला फोन केला. त्याची गाडी साचलेल्या पाण्यामागे अडकली होती. चारच्या सुमारास सिलिंडरवरचा काटा तांबड्या पट्ट्याच्या जवळ आला. रुग्णवाहिकेला फोन केला, तीही त्याच पाण्यापलीकडे होती. पत्नी पुढे वाकून, उशीवर दोन्ही कोपरे टेकून बसली होती. ती बोलत नव्हती. बोलायला जो श्वास लागतो तो ती वाचवत होती. शेजारणीला तिच्याजवळ बसवून मी खाली उतरलो.

नाक्यावर झाड कापून बाजूला केलेले होते. खांबावर एक तरुण कामगार पट्ट्याने स्वतःला अडकवून तार ओढत होता. खाली, स्विचच्या पेटीशी, तोच उरणकडचा वायरमन उभा होता.

"अजून किती वेळ?"

"अर्धा तास, बाबा. जास्तपन लागंल."

"दुसरी बाजू जोडलेली आहे ना? तेवढी चालू करा. तो जरा बाजूला सरकेल."

हे मी बोललो. रोहित्राच्या कुंपणासाठी सात स्मरणपत्रे पाठवणारा मी, वर माणूस असताना खालून स्विच टाका असे म्हणालो. वायरमन ओरडला नाही. त्याने फक्त पेटीच्या दारावर आपला हात ठेवला.

"वर मानूस हाय, बाबा."

"माझी बायको ऑक्सिजनवर आहे. संपत आलाय."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग वर पाहिले, आणि हाक दिली, "अरे, हितं आजी ऑक्सिजनवर हाय रं. हात चालव जरा."

त्या तरुणाचे हात भरभर चालू लागले. ओल्या खांबावर त्याचा पाय एकदा सरकला. पलीकडच्या तारेपर्यंत पट्टा पुरेना, तेव्हा त्याने तो कमरेपासून सोडला, एका हाताने आडवा लोखंडी दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने वाकून तो काम करू लागला. वारा त्याचा शर्ट पाठीवरून उडवत होता. सावकाश, असे मला ओरडावेसे वाटले. तसे ओरडलो तर वर घरात काय होईल ते मला माहीत होते. न ओरडलो तर इथे काय होऊ शकेल तेही दिसत होते. मी ओरडलो नाही. हे माझ्या हातून घडले आहे, आणि यावर दाद कुठे मागायची ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

तो पंधरा-वीस मिनिटांत उतरला. वायरमनने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पट्टा सोडल्याबद्दल, आणि मग स्विच टाकला. मी त्या तरुणाकडे गेलो. मला काहीतरी म्हणायचे होते. तो हाताच्या रक्ताळलेल्या बोटाला तोंडाने फुंकर घालत म्हणाला, "जावा ना आजोबा, वर जावा."

मशीन घरघरत होते. शेजारीण निघून गेल्यावर पत्नीने बऱ्याच वेळाने विचारले, "काय सांगितलंत त्यांना?"

"लवकर करा म्हटलं."

"आणि केलं त्यांनी?"

"केलं."

"पत्र न लिहिता?" ती किंचित हसली आणि डोळे मिटून पडून राहिली.

वीज परत आली की गच्चीवरची पेटी काही मिनिटे थांबते, पुरवठा स्थिर आहे याची खात्री करते, आणि मगच चक्कीला सोडते. मीच तशी हमी दिली आहे. त्या दिवशीही तिने ती पाळली. थोड्या वेळाने मी खिडकीतून पाहिले तर ढगांतून उतरलेल्या उन्हात समोरच्या भिंतीवर पात्यांची सावली फिरू लागली होती. मी फाइल काढली आणि हमीपत्राचे तिसरे कलम पुन्हा वाचले. एखादा शब्द बदलावा, एखादा अपवाद घालावा, म्हणून पेन हातात घेऊन वाचले. बदलण्यासारखे काही सापडले नाही.

मग फाइल मिटली आणि सिलिंडरसाठी पुरवठादाराला पुन्हा फोन लावला. तो लागत नव्हता.